एकटीने फ्लॉरेन्स: व्हिसाच्या अर्जापासून राजाराम महाराजांच्या छत्रीपर्यंत

आमच्या घरात इटलीतल्या फ्लॉरेन्सचं नाव पहिल्यांदा निघालं ते कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांमुळे. इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्या शहरात त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथे नदीकाठी त्यांची छत्री आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. एकदा जाऊन हात जोडायचे, एवढंच मनात होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ऑक्टोबरात, सहा रात्रींसाठी कोल्हापुरातून एकटीच निघाले. त्याआधी मी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

तयारीला चार महिने लागले. त्यातला बराच वेळ चुकीच्या माहितीमागे गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. एकच शहर ठरवा आणि तिथेच राहा

मला भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं, "एवढा खर्च करून जातेस तर रोम, व्हेनिस, मिलान, सगळं उरकून ये." पहिल्या एकट्या प्रवासात हा सल्ला कृपा करून ऐकू नका. शहर बदललं की बॅग भरा, स्टेशन शोधा, नवं हॉटेल शोधा, नव्या गल्ल्या समजून घ्या. सोबत कुणी असेल तर हे ओझं वाटून घेता येतं. एकट्याला ते पूर्ण उचलावं लागतं. एकाच खोलीत सहा रात्री राहिलं की तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा कॉफीवाला ओळख दाखवतो, आणि परक्या मुलुखात त्या ओळखीचा केवढा आधार वाटतो ते गेल्यावरच कळतं.

फ्लॉरेन्स यासाठी उत्तम, कारण जुनं शहर पायी फिरण्याएवढं आहे. सांता मारिया नोव्हेल्ला या मुख्य रेल्वे स्टेशनापासून मोठ्या कॅथेड्रलपर्यंत दहा-बारा मिनिटं, तिथून आर्नो नदी आणखी दहा मिनिटं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्या तापतात, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथल्या सुट्टीमुळे बरीच स्थानिक दुकानं बंद असतात.

२. व्हिसा: घाई नको, पण उशीरही नको

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला व्हिसा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण नियमाप्रमाणे ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतं. शिवाय उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाहीत. म्हणून निघायच्या तीन महिने आधी अर्ज देण्याचा बेत ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो (जून २०२४ पासून), त्यावर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा. अर्ज देताना स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात.

सोबत लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, किमान दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्ट असतील तर तेही
- भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे फोटो
- प्रवास विमा, किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण आणि सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग
- मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट (शाखेचा सही-शिक्का घ्या), आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या. व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद. पेन्शन असेल तर त्याचा पुरावा
- का जाताय, किती दिवस, खर्च कोण करणार, हे सांगणारं एक पानी पत्र आणि दिवसवार बेत

किती महिन्यांचं स्टेटमेंट लागेल वगैरे तपशील बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात अधिकृत यादी पुन्हा वाचा.

आपल्याकडच्या बायकांची हमखास अडचण होते ती नावाची. माझ्या पासपोर्टवर सासरचं आडनाव, आणि एका जुन्या बँक खात्यावर माहेरचं. त्यातलीच मोठी ठेव दाखवायची होती. विवाह नोंदणी दाखल्याची प्रत आणि पत्रात दोन ओळींचा खुलासा जोडला, काम झालं. विमा आणि हॉटेलचं बुकिंग पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं नाव आहे तसंच करा. मधलं नाव गाळू नका.

दुसरा सापळा म्हणजे अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात मोठी रक्कम भरणं. ती पटकन नजरेत येते. ठेव मोडून पैसे आले असतील तर तिची पावती सोबत जोडा. आणि विमानाचं तिकीट रद्द होऊ शकेल असंच घ्या. व्हिसा हातात आल्यावर पहिल्यांदा त्यावरच्या तारखा, नाव आणि किती दिवस राहण्याची मुभा आहे ते तपासा.

३. विमान, आगगाडी आणि खोली

मुंबईहून थेट फ्लॉरेन्सला विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतंच. युरोपातल्या मोठ्या शहरात विमान बदलून फ्लॉरेन्सच्या पेरेतोला विमानतळावर उतरता येतं. दुसरा मार्ग म्हणजे रोमला उतरायचं आणि आगगाडी धरायची. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशन रेल्वेने अर्ध्या तासावर, आणि तिथून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स साधारण दीड तास. मी रोममार्गे गेले, कारण एकूण खर्च कमी आला. मात्र विमान उतरण्याची वेळ आणि आगगाडी यांच्यात किमान तीन तास सोडा. वेगवान गाडीचं स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, ती चुकली की पैसे गेले.

स्टेशनच्या फलकावर 'फ्लॉरेन्स' कुठेच दिसणार नाही. तिथे शहराचं नाव फिरेन्झे. आणि फिरेन्झेची स्टेशनंही एकापेक्षा जास्त आहेत. काही गाड्या कांपो दि मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात आणि मुख्य स्टेशनात येतच नाहीत. तिकीट काढताना फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला असंच बघून घ्या.

खोली स्टेशन आणि कॅथेड्रलच्या मधल्या भागात, किंवा नदीपलीकडे सांतो स्पिरितोच्या बाजूला बघा. लिफ्ट आहे का, हे बुकिंगआधी विचारा. जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर वीस किलोची बॅग स्वतः चढवावी लागते. दर रात्री माणशी शहराचा मुक्काम-कर असतो, तो बहुधा हॉटेलातच वेगळा द्यावा लागतो. जास्तीत जास्त सात रात्रींचा घेतात.

आता फ्लॉरेन्सचीच एक खास गोष्ट, जी मला रात्री साडेनऊला रस्त्यात कळली. या शहरात घरांचे क्रमांक दोन रंगांत असतात. राहत्या घरांचे निळे किंवा काळे, दुकानं-हॉटेलांचे लाल. दोन्ही मोजण्या स्वतंत्र चालतात. त्यामुळे एकाच रस्त्यावर निळा २७ आणि लाल २७ असे दोन असतात, आणि त्यांच्यात शंभर पावलांचं अंतरही असू शकतं. लाल क्रमांकापुढे पत्त्यात आर अक्षर लिहितात. माझ्या आरक्षणाच्या कागदावर ते अक्षर छापलेलंच नव्हतं. मी बॅगेसकट चुकीच्या दारावरची घंटा वाजवत उभी राहिले. वरून एका आजींनी खिडकी उघडली, काही न बोलता बोटाने पुढची लाल पाटी दाखवली, आणि मी आत शिरेपर्यंत खिडकीत थांबल्या. तुम्ही निघण्याआधीच हॉटेलला एक संदेश पाठवा आणि क्रमांक लाल की निळा ते विचारा.

४. पैसे, फोन, बॅग

थोडे युरो रोख (मी दोनशे नेले), एक फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून ठेवलेलं) आणि एक आपल्या बँकेचं कार्ड, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. दुकानात किंवा एटीएमवर यंत्र विचारतं, 'रुपयांत की युरोत?' नेहमी युरो निवडा. रुपये निवडलेत तर यंत्र स्वतःचा महागडा दर लावतं.

तिथे जाऊन इंटरनेटसाठी कुठलंही सिम वापरा, पण आपला नंबर बंद करू नका. ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी त्याच नंबरावर येतो. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या. प्लग गोल दोन पिनांचे लागतात. आपल्या तीन पिनांच्या वस्तूंसाठी अ‍ॅडॉप्टर हवा.

खाऊबद्दल नीट ऐका. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे कंदी पेढे, तूप, पनीर काही नाही. मावशीने प्रेमाने दिलेला डबा विमानतळावर टाकून द्यायची वेळ येऊ देऊ नका. मी भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे खाकरे नेले, ते पुरले. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. बूट मात्र महिनाभर आधी घेऊन रोज वापरा. तिथले रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत आणि दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं.

५. उतरण्याचा दिवस

शेंगेनमध्ये ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन तुमचं येणं-जाणं नोंदवतात. पहिल्या वेळी वेळ लागतो, पुढच्या विमानासाठी हे धरून चाला. अधिकारी दोनच गोष्टी विचारतो: कशासाठी आणि किती दिवस. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा यांचे छापील कागद हाताशी असू द्या. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

पेरेतोलाला उतरलात तर टी-२ ट्राम वीसेक मिनिटांत शहरात आणते. तिकीट थांब्यावरच्या यंत्रात मिळतं. ट्राममध्ये चढल्याबरोबर ते छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. नुसतं विकत घेतलेलं तिकीट चालत नाही. साध्या प्रादेशिक गाड्यांच्या कागदी तिकिटांनाही फलाटावरच्या यंत्रात असाच छाप घ्यावा लागतो. मोबाइलवरचं प्रादेशिक तिकीट असेल तर त्याला चेक-इन लागतं का, ते तिकिटावर वाचून घ्या. हे न करता बसलेले प्रवासी दंड भरताना मी पाहिले. त्यांनी तिकीट प्रामाणिकपणे काढलेलं होतं.

हॉटेलात पासपोर्ट मागतील. घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. नोंद झाली की पासपोर्ट लगेच परत घ्या.

६. काय बघायचं, आणि कशाचं बुकिंग आधी करायचं

तीन गोष्टींचं आरक्षण घरूनच करा: कॅथेड्रलच्या घुमटावर चढणं, आणि उफ्फिझी व अकादेमिया ही दोन कलासंग्रहालयं. तिन्हींची अधिकृत संकेतस्थळं आहेत. शोधताना वर जाहिरातीत दिसणारी बरीच दुकानं तेच तिकीट जास्त पैशाला विकतात. उफ्फिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फुकट असतात, आणि म्हणूनच त्या दिवशी गर्दीही तुफान असते.

घुमटाला वेळ द्या. फिलिप्पो ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये तो बांधला, आणि तोही खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रचून त्याने एकेक थर स्वतःच्या बळावर उभा राहील असं केलं. घुमट दुहेरी आहे, एकात एक. वर जाणारा जिना त्या दोन कवचांच्या मधून जातो, त्यामुळे चढताना तुम्ही अक्षरशः बांधकामाच्या पोटातून जाता आणि त्या तिरक्या विटांना हात लावू शकता. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, मधेच परत फिरायची सोय जवळपास नाही. गुडघे, दम किंवा बंद जागेची भीती असेल तर आग्रह धरू नका. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्यालाही ४१४ पायऱ्या आहेत, पण तिथे मधल्या मजल्यांवर थांबून श्वास घेता येतो, आणि तिथून घुमट समोर दिसतो. दिलेली वेळ चुकली तर घुमटावर सोडत नाहीत. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सलवार-कमीज आणि ओढणी असली की प्रश्नच नाही.

अकादेमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे, पाच मीटरहून उंच, १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला. उफ्फिझी एका दमात संपवू नका. सकाळची पहिली वेळ घ्या, चित्रकार बोत्तिचेल्लीच्या दालनापर्यंत गर्दीच्या आधी पोहोचा, मग जमेल तेवढं बघा.

माझी स्वतःची आवडती जागा मात्र सान मार्कोचा मठ. वर जिना चढून गेलं की समोर फ्रा अँजेलिको या चित्रकाराचं देवदूत आणि मारियाचं चित्र. पुढे साधूंच्या छोट्या छोट्या खोल्या आणि प्रत्येकीच्या भिंतीवर एकेक चित्र. मी तिथे गेले तेव्हा फारसं कुणी नव्हतं. एका खोलीच्या उंबऱ्याशी मी पाऊण तास उभी होते. सोबत कुणी असतं तर "चल, पुढे जाऊ" झालंच असतं.

पोन्ते व्हेक्यो हा १३४५ चा पूल बघालच. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकी पूल उडवले, हा एकटा वाचला.

७. जेवण, विशेषतः शाकाहारी माणसाचं

उपाशी राहणार नाही, पण विचारून खावं लागेल. तोस्कानाचं, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचं, साधं घरगुती जेवण पाव, घेवडा आणि भाज्यांचं आहे. रिबोल्लिता म्हणजे पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पालेभाजी एकत्र शिजवलेलं दाट सूप. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. चेचिना नावाचा प्रकार मिळाला तर नक्की घ्या: चण्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. पहिला घास घेतला आणि घरची आठवण आली. तिथला पाव अळणी असतो, बिघडलेला नाही, पद्धतच तशी आहे.

सूपांमध्ये कधी मांसाचं पाणी वापरतात. म्हणून नुसतं 'व्हेज' म्हणू नका. बाई असाल तर "सोनो वेजेतारियाना", पुरुष असाल तर "सोनो वेजेतारियानो", आणि पुढे "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दि कार्ने", म्हणजे मांस नको, मासे नको, मांसाचं पाणी नको. लांप्रेदोत्तो हा शब्द लक्षात ठेवा. गाड्यांवर मिळणारा तो पाव गाईच्या जठराचा असतो.

दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आसपास उघडतात. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी काही रक्कम येते, ती टेबलाची, फसवणूक नव्हे. टीप द्यायलाच हवी असं नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, बसून घेतली तर दर वेगळा. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली सोबत ठेवा.

एकट्याने रात्री टेबल मागायला पहिल्या दिवशी मला धीर झाला नाही, खोलीत भडंग खाल्लं. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच, रेस्तराँ उघडताना गेले. त्या वेळी जागाही मिळते आणि वाढणाऱ्यांना बोलायला सवडही असते. एक बोट वर केलं की पुरे.

८. सांभाळायच्या गोष्टी

खिसेकापू स्टेशनात, बसमध्ये आणि कॅथेड्रलच्या रांगेत असतात. पर्स पुढे, चेन बंद, फोन मागच्या खिशात कधीच नाही. मनगटात दोरा बांधायला कुणी हात पुढे केला, सहीसाठी कागद धरला, किंवा स्टेशनात तिकिटाच्या यंत्रापाशी 'मदत' करायला आला, तर "नो, ग्रात्सिए" म्हणून चालत राहा. रस्त्यावर पसरलेल्या चित्रांवर पाय पडू देऊ नका, भरपाई मागतात. नकली ब्रँडच्या पर्सा घेऊ नका, घेणाऱ्यालाही दंड होतो.

कुठल्याही संकटात ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत लेखी तक्रार, मग भारतीय दूतावास. तो रोमला आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स बॅगेत वेगळी ठेवा, आणि त्यांचे फोटो घरी कुणाकडे तरी पाठवून ठेवा. घरच्यांशी रोजची एक वेळ ठरवा. भारतातल्या घड्याळापेक्षा इटली उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते.

९. एक सकाळ छत्रीसाठी

हे मराठी वाचकांसाठी मुद्दाम. शहराच्या पश्चिमेला आर्नोकाठी काशीने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या अगदी शेवटच्या टोकाला मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. आपल्या रिवाजाप्रमाणे संगमावर अग्नी द्यायचा, म्हणून ही जागा निवडली गेली. दहनाची तिथे रीत नव्हती, खास परवानगी घ्यावी लागली. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे, रंगीत, फेटा आणि दागिन्यांसह. शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सकर आजही 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात.

टी-१ ट्रामने काशीने थांब्यावर उतरून बागेतून नदीच्या प्रवाहाच्या दिशेने चालत जा, तासभर तरी धरा. सायकल भाड्याने घेतली तर अर्ध्या वेळात होतं. सकाळीच जा. त्या टोकाला संध्याकाळनंतर फारशी वर्दळ नसते, आणि वाटेत दुकानंही नाहीत, पाणी सोबत हवं.

मी पोहोचले तेव्हा एक आजोबा कुत्र्याला घेऊन बाकावर बसले होते. मी हात जोडलेले पाहून त्यांनी माझ्याकडे, मग पुतळ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "इंदियाना?" मी मान हलवली आणि म्हटलं, "कोल्हापूर." पुतळ्याकडे बघत त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, आणि मला बसायला बाकावर जागा करून दिली.